रुग्णांच्या नोंदींचा अर्थ लावताना : रिग्रेशन विश्लेषण पायरीपायरीने

सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण रुग्णालयांत आणि खासगी दवाखान्यांत रक्तदाब, साखर, वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) यांच्या नोंदी रोज होत असतात. काही केसपेपरवर, काही रजिस्टरमध्ये, तर काही आता थेट संगणकावर. औषधात खंड पडला की रक्तदाब किती चढतो, वजनाचा त्यात वाटा किती, वयाचा किती, असे प्रश्न या नोंदींना विचारता येतात आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी रिग्रेशन, म्हणजे एका मोजमापाचा इतर घटकांशी असलेला संबंध समीकरणात मांडण्याची संख्याशास्त्रीय पद्धत, हे अतिशय उपयुक्त साधन आहे. हा लेख प्रबंधासाठी आकडेवारी हाताळणारे पदव्युत्तर विद्यार्थी, आपल्या केंद्राची माहिती स्वतः तपासू इच्छिणारे वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिला आहे. प्रत्यक्ष गणित संगणक क्षणात करून देतो. खरे कष्ट प्रश्न नेमका करण्यात, नोंदी तपासण्यात आणि आलेला आकडा काळजीपूर्वक वाक्यात मांडण्यात आहेत, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या कष्टांविषयी आहे.

प्रश्न एका वाक्यात लिहा

सुरुवात कोऱ्या कागदावर करावी, संगणकावर नव्हे. 'रक्तदाबाचा अभ्यास करायचा आहे' हा प्रश्न नाही, तो विषय झाला. प्रश्नात कोणते रुग्ण, कोणता परिणाम, कोणता घटक आणि कोणाशी तुलना या चार गोष्टी आल्या पाहिजेत. या लेखात आपण पुढील प्रश्न उदाहरण म्हणून घेऊ : 'उच्च रक्तदाबाचे औषध चालू असलेल्या ३० वर्षांवरील रुग्णांपैकी ज्यांच्या औषधात मागील ९० दिवसांत जास्त दिवस खंड पडला, त्यांचा वरचा रक्तदाब, वय, लिंग आणि शरीराची ठेवण सारखी असलेल्या पण कमी खंड पडलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी किती जास्त आहे?' वाक्य लांबले तरी चालेल. पुढे मॉडेलमध्ये, म्हणजे त्या समीकरणात, काय घालायचे आणि काय वगळायचे याचा प्रत्येक निर्णय या वाक्याकडे पाहूनच घ्यायचा असतो.

याच टप्प्यावर, आपले रुग्ण कोणाचे प्रतिनिधी आहेत हेही लिहून ठेवावे. मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांत जत, कवठे महांकाळपासून ते सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात आणि त्यांतले बरेच जण गावात गुण न आल्यामुळे पुढे पाठवलेले असतात. तिथल्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष जत तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राला जसाच्या तसा लागू होत नाही. मॉडेल कितीही नेटके बांधले तरी हा फरक भरून निघत नाही.

रजिस्टरचा तक्ता करताना

तक्त्यात एका रुग्णाची एक ओळ आणि एका गोष्टीचा एक स्तंभ असावा. '१४०/९०' असे एकाच चौकटीत लिहिले की संगणक ते मजकूर समजतो. वरचा आणि खालचा रक्तदाब वेगळ्या स्तंभांत हवेत. मराठी आकड्यांत टंकलेले '१४०' सुद्धा अनेक सॉफ्टवेअर संख्या म्हणून ओळखत नाहीत, त्यामुळे भरताना आकड्यांची एकच पद्धत ठरवावी. मोजलेच नाही अशा जागी शून्य लिहू नये, जागा रिकामी सोडावी. वजनाच्या स्तंभात चार-पाच शून्ये राहिली तरी सरासरी खाली ओढली जाते आणि ती चूक अंतिम तक्त्यात कोणाच्याही लक्षात येत नाही. नाव, मोबाइल आणि आधार क्रमांक या फाईलमध्ये आणूच नयेत. रुग्णाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा आणि नावाशी तो जोडणारी यादी वेगळी, कुलूपबंद ठेवावी. संशोधन म्हणून काम करायचे असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी वाचून ठेवावीत.

आता रक्तदाबाच्या स्तंभाची एक तपासणी करा. प्रत्येक नोंदीचा फक्त शेवटचा अंक घ्या आणि कोणता अंक किती वेळा आला ते मोजा. डिजिटल यंत्राने मोजलेल्या नोंदींत शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक साधारण १० टक्के वेळा यायला हवा. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असल्याने पाचही सम अंक साधारण २० टक्के वेळा यावेत. प्रत्यक्षात रजिस्टर उघडले की १२०, १३०, १४०, १५० अशी रांग दिसते. गर्दीच्या ओपीडीत मोजणारा जवळच्या शून्यावर थांबतो, हे समजण्यासारखे आहे. पण १४० ही नियंत्रणाची सीमा असल्यामुळे १३८ चे १४० झाले की रुग्णाचा गटच बदलतो. निम्म्याहून अधिक नोंदी शून्यावर संपत असतील, तर अशा नोंदींवर एक-दोन अंकांच्या फरकाचा दावा करू नये आणि अहवालात हे प्रमाण स्पष्ट लिहावे. वयाच्या बाबतीतही असेच होते. वृद्ध रुग्णांची वये ५५, ६०, ६५ वर गोळा झालेली आढळतात.

एकाच रुग्णाच्या अनेक भेटी हा पुढचा प्रश्न. साधे रिग्रेशन प्रत्येक ओळ स्वतंत्र माणसाची आहे असे धरून चालते. एका रुग्णाच्या आठ भेटी आठ ओळींत आल्या, तर संगणकाला ती आठ माणसे वाटतात आणि अनिश्चितता खोटी कमी दिसते. नवख्याने प्रत्येक रुग्णाची एकच भेट घ्यावी आणि ती कोणती, उदाहरणार्थ ठरलेल्या तारखेनंतरची पहिली, याचा नियम आधीच ठरवावा. सगळ्या भेटी वापरायच्या असतील, तर एका रुग्णाच्या भेटी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे धरून चालणारे मिश्र परिणामांचे मॉडेल लागते आणि त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाची मदत घेणे इष्ट. अनेक उपकेंद्रांची माहिती एकत्र केली असेल, तर एका उपकेंद्राचे रुग्ण एकमेकांसारखे असतात हेही हिशेबात धरावे लागते.

रिकाम्या जागांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बहुतेक सॉफ्टवेअर रिकामी जागा असलेली ओळ आपणहून गाळतात. त्या ओळी कोणाच्या होत्या, हे पाहणे आपले काम. तासगाव भागात ऑक्टोबरच्या फळछाटणीत किंवा द्राक्षकाढणीत कामावर असलेला माणूस तपासणीला येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडून गेलेले कुटुंब महिनोन्‌महिने रजिस्टरमध्ये दिसत नाही. औषधात खंड पडण्याची शक्यता नेमकी याच रुग्णांत जास्त असते. म्हणजे ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला, तेच उत्तरातून गळतात. यासाठी पूर्ण नोंद असलेले आणि अपूर्ण नोंद असलेले रुग्ण यांचे वय, लिंग, गाव आणि व्यवसाय शेजारी-शेजारी मांडून पाहावे आणि मोठा फरक दिसला तर तो निष्कर्षाआधी सांगावा. गाळलेल्या जागी सरासरी भरून मोकळे होऊ नये, कारण त्यामुळे विखुरणे कमी दिसते आणि निष्कर्ष आहे त्याहून पक्का वाटतो.

मॉडेलआधी आलेख

प्रत्येक घटकाचा वरच्या रक्तदाबाशी बिंदू-आलेख काढावा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या : संबंध साधारण सरळ रेषेत आहे का, एखादा बिंदू एकटा दूर पडला आहे का आणि एका टोकाकडे जाताना बिंदूंचा पसारा वाढतो आहे का. दूर पडलेला बिंदू लगेच पुसू नये. केसपेपर काढून पाहावा. उंची १.५२ मीटरऐवजी १५२ मीटर पडली असेल तर दुरुस्त करावी, पण रक्तदाब खरोखर २२० असेल तर तो रुग्ण तक्त्यात राहिलाच पाहिजे. क्रिएटिनिन, ट्रायग्लिसराइड यांसारख्या चाचण्यांत बहुतेक रुग्ण खालच्या बाजूला आणि मोजकेच रुग्ण खूप वर असतात, तिथे मूल्यांचा लॉगॅरिदम घेऊन रिग्रेशन केल्यास आलेख सुधारतो. मात्र नंतर गुणांक, म्हणजे घटक एका एककाने वाढला की परिणामात दिसणारा फरक, टक्केवारीच्या भाषेत वाचावा लागतो.

कोणते घटक घ्यायचे

हातात आहेत तेवढे सगळे स्तंभ मॉडेलमध्ये घालायचे आणि पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका मोठा फरक दिसण्याची शक्यता) लहान आली ते ठेवायचे, ही पद्धत प्रबंधांत सर्रास दिसते. ती सोडावी असे माझे स्पष्ट मत आहे. घटकाची निवड वैद्यकीय कारणावर व्हायला हवी.

जो घटक आपल्या मुख्य घटकावरही आणि परिणामावरही प्रभाव टाकतो, तो मॉडेलमध्ये हवा. आपल्या उदाहरणात वय तसे आहे. वयस्कर रुग्ण गोळी सहसा चुकवत नाहीत, पण वयामुळे त्यांचा वरचा रक्तदाब जास्त असतो. उलट चाळिशीतला, दिवसभर शेतात किंवा कारखान्यात असणारा माणूस गोळी चुकवतो, पण वय कमी असल्याने त्याचा आकडा तितका चढलेला दिसत नाही. वय न घेतल्यास खंडाचा परिणाम झाकला जातो. ऋतूही इथे विसरू नये. थंडीत रक्तदाब जास्त आणि उन्हाळ्यात कमी राहतो, म्हणून नोंदी वर्षभराच्या असतील तर मोजणीचा महिना घ्यावा.

याउलट, मुख्य घटक आणि परिणाम यांच्या मधल्या वाटेवर असलेला घटक घेऊ नये. लठ्ठपणाचा हृदयविकाराशी असलेला एकूण संबंध शोधताना रक्तदाब मॉडेलमध्ये घातला, तर लठ्ठपणा रक्तदाबावाटे जे नुकसान करतो तेवढे आपण स्वतःच वजा करून टाकतो.

सर्वांत फसवा घटक औषधोपचार हाच आहे. 'रोज किती प्रकारच्या गोळ्या' हा स्तंभ घातला की जास्त गोळ्यांबरोबर जास्त रक्तदाब असा निकाल हमखास येतो. याचे कारण उघड आहे : ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही त्यालाच डॉक्टर दुसरी, तिसरी गोळी सुरू करतात. हा आकडा आजाराच्या तीव्रतेचा असतो. त्यावरून गोळ्यांनी रक्तदाब वाढतो असे कोणी समजले, तर एखादा रुग्ण औषध सोडून देईल. अशी माहिती गावात बोलताना विशेष जपावे.

घटकांची संख्याही आवरती ठेवावी. सलग मोजमापाच्या परिणामासाठी एका घटकामागे किमान दहा ते वीस रुग्ण असावेत, असा ढोबळ संकेत आहे.

निकालाचा तक्ता कसा वाचावा

विश्लेषणासाठी 'आर' आणि 'जमोवी' ही विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेशी आहेत; साधे रेषीय रिग्रेशन एक्सेलच्या डेटा ॲनालिसिस टूलपॅकमध्येही होते. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही केंद्राचे नाहीत. समजा ३२० रुग्ण आहेत, वय ५० पासून आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, आपल्या प्रश्नातली शरीराची ठेवण) २४ पासून मोजला आहे आणि निकाल असा आला (कंसात प्रत्येक आकड्याचा संभाव्य पल्ला, म्हणजे अंतराल) :

स्थिरांक : १३६
वय, दर वर्षामागे : ०.४५ (०.३० ते ०.६०)
बीएमआय, दर एककामागे : ०.९ (०.४ ते १.४)
खंड, दर दिवसामागे : ०.१८ (०.१० ते ०.२६)
स्त्री, पुरुषाच्या तुलनेत : −१.५ (−४.८ ते १.८)
आर-वर्ग : ०.१८

प्रत्येक ओळीचे एक पूर्ण वाक्य करावे. स्थिरांकाचे वाक्य असे : पन्नास वर्षांच्या, बीएमआय २४ असलेल्या, औषधात एकही दिवस खंड नसलेल्या पुरुषांचा सरासरी वरचा रक्तदाब १३६ आहे. वय पन्नासपासून मोजले म्हणूनच या आकड्याला अर्थ आला. तसे न करता वय शून्य धरले असते, तर स्थिरांक नवजात बालकाबद्दल बोलला असता.

खंडाच्या ओळीचे वाक्य असे : वय, लिंग आणि बीएमआय सारखे असलेल्या दोन गटांपैकी एका गटात खंड एक दिवसाने जास्त असेल, तर त्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ०.१८ ने जास्त आढळतो. एक दिवसाचा हा फरक कानाला क्षुल्लक वाटतो. तोच ३० दिवसांसाठी मांडला की ५.४ होतो आणि अंतराल ३ ते ७.८ असा येतो. डॉक्टरांना आणि आशाताईंना हीच भाषा उपयोगी पडते, म्हणून गुणांक नेहमी रुग्णाच्या आयुष्यात अर्थ असलेल्या एककात सांगावा. वय न घेता हाच गुणांक ०.११ आला होता असे समजा. मग दोन्ही आकडे अहवालात शेजारी द्यावेत, म्हणजे वयाने संबंध किती झाकला होता हे वाचणाऱ्याला दिसेल.

कंसातील आकडे ९५ टक्के विश्वास अंतरालाचे आहेत. पी-व्हॅल्यूपेक्षा मी त्यांना जास्त महत्त्व देतो, कारण त्यांतून परिणाम किती लहान किंवा किती मोठा असू शकतो हे दोन्ही कळते. स्त्री-पुरुष फरकाचे अंतराल −४.८ पासून १.८ पर्यंत जाते. त्यावरून 'स्त्री-पुरुषांत फरक नाही' असे लिहू नये. 'या नोंदींवरून स्त्रियांचा रक्तदाब सुमारे पाचने कमी असण्यापासून सुमारे दोनने जास्त असण्यापर्यंत काहीही शक्य आहे' असे लिहावे.

आता याच मॉडेलवरून एक अंदाज करू. साठ वर्षांची स्त्री, बीएमआय २७, खंड ३० दिवस : १३६ + ४.५ + २.७ + ५.४ − १.५ = १४७.१. हा अशा सर्व स्त्रियांच्या सरासरीचा अंदाज आहे. समोर बसलेल्या एका बाईंचा रक्तदाब किती असेल, हा वेगळा प्रश्न. या उदाहरणात अवशेषांचे, म्हणजे प्रत्यक्ष आणि अंदाजित रक्तदाबातील फरकांचे, प्रमाण विचलन, म्हणजे त्यांच्या पसाऱ्याचे माप, सुमारे १५ आहे; त्यामुळे एका व्यक्तीसाठीचा पल्ला जवळजवळ ११७ ते १७७ इतका रुंद होतो. आर-वर्ग ०.१८ हेच सांगतो : रुग्णारुग्णांमधील चढउतारांपैकी १८ टक्के भाग या चार घटकांनी उलगडतो. मॉडेल टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. कार्यक्रम आखायला, खंड कमी केल्यास सरासरी किती फरक पडू शकतो याचा अंदाज बांधायला ते उपयोगी आहे. एका रुग्णाचा रक्तदाब मात्र यंत्र लावूनच मोजला पाहिजे.

शेवटी अवशेषांचा आलेख पाहावा. बिंदू शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले हवेत. वक्र दिसला तर एखाद्या घटकाचा संबंध सरळ रेषेचा नाही. एका बाजूला पसारा वाढत गेला तर दिलेली अंतराले विश्वासार्ह नाहीत.

परिणाम 'होय-नाही' असेल तर

रक्तदाब १४०/९० च्या खाली आला की नाही, असा परिणाम असल्यास लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. ज्याचे मोजमाप सलग उपलब्ध आहे त्याचे विनाकारण दोन तुकडे करू नयेत, कारण मग १३९ आणि १४१ परस्परविरुद्ध गटांत जातात आणि १४१ व १९० एकाच गटात. लॉजिस्टिकचा निकाल ऑड्स रेशोमध्ये, म्हणजे दोन गटांच्या ऑड्सच्या (घटना घडलेले भागिले न घडलेले) गुणोत्तरात येतो आणि तो वाचताना बहुतेकांची गफलत होते. ऑड्स रेशो २ म्हणजे शक्यता दुप्पट, असे नाही. एका गटात ४० टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात असेल, तर त्यांचे ऑड्स ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७, दुप्पट केल्यावर १.३३, आणि त्यावरून टक्केवारी येते ५७, ऐंशी नव्हे. परिणाम विरळ असला, उदाहरणार्थ २ टक्के, तरच ऑड्स रेशो २ मुळे टक्केवारी जवळपास दुप्पट, म्हणजे ३.९ होते. म्हणून ऑड्स रेशोसोबत टक्केवारी द्यावीच. किती काळाने घटना घडली हा प्रश्न असेल, तर ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले मॉडेल वापरावे लागते. तो स्वतंत्र विषय आहे.

शिबिरानंतर उतरलेला रक्तदाब

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले उंच असली तरी सरासरीच्या अधिक जवळ असतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या आरोग्य शिबिरांत हीच गोष्ट घडते. गावात एका दिवशी पाचशे लोकांचा रक्तदाब मोजला, १६० वरचे निवडले, त्यांना सल्ला दिला आणि महिन्याने पुन्हा मोजले, तर त्यांची सरासरी उतरलेली दिसणारच, सल्ला दिला नसता तरीही. त्या दिवशी उन्हातून चालत आल्याने, रांगेतल्या ताणाने किंवा मोजणीतल्या फरकाने काहींचा आकडा नेहमीपेक्षा वर गेला होता आणि तेच निवडले गेले.

यावर उपाय आहेत. निवडीसाठी एक मोजणी आणि सुरुवातीचा रक्तदाब म्हणून वेगळ्या दिवशी केलेली दुसरी मोजणी वापरावी. शक्य असेल तिथे सल्ला न मिळालेला तुलनेचा गट ठेवावा. मात्र उपचाराची गरज असलेल्या रुग्णाला अभ्यासासाठी उपचाराविना ठेवणे कदापि योग्य नाही, म्हणून ज्या गावांत कार्यक्रम टप्प्याटप्प्याने पोहोचणार आहे, त्यांचा क्रम वापरावा. रिग्रेशन करताना नंतरचा रक्तदाब परिणाम म्हणून आणि सुरुवातीचा रक्तदाब घटक म्हणून घ्यावा, गट हा दुसरा घटक. केवळ 'आधी वजा नंतर' हा फरक काढून त्यावर विसंबू नये.

अहवालात काय द्यावे

सुरुवातीला लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा द्यावा. किती रुग्णांपासून सुरुवात झाली, किती गळले आणि का, हे आकड्यांत सांगावे. रक्तदाब कोणत्या यंत्राने, किती विश्रांतीनंतर, किती वेळा मोजला हे लिहावे. प्रत्येक गुणांक एकक आणि अंतरालासह द्यावा. घटक का घेतले याचे एक-एक वाक्य लिहावे आणि जे मोजलेच गेले नाहीत, जसे आहारातले मीठ, तंबाखू, झोप, यांपैकी कोणामुळे निकाल कोणत्या दिशेने सरकला असेल याचा अंदाज नोंदवावा. ओपीडीच्या एकवेळच्या नोंदींवरून लिहिताना 'खंडामुळे रक्तदाब वाढतो' याऐवजी 'खंड जास्त असलेल्यांत रक्तदाब जास्त आढळला' असे लिहावे, कारण चक्कर, खर्च किंवा दूरचा दवाखाना अशा एखाद्या तिसऱ्या कारणाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असू शकतात. ज्या केंद्राच्या रजिस्टरमधून माहिती घेतली, तिथल्या परिचारिका आणि आशाताई यांना हा मसुदा छापण्याआधी वाचायला द्यावा. कोणत्या महिन्यात गोळ्यांचा पुरवठा थांबला होता आणि कोणत्या महिन्यात यंत्र बिघडले होते, हे त्यांनाच माहीत असते आणि ते कळल्यावर काही ओळी मॉडेलमधून काढून पुन्हा गणित करावे लागते.